स्थानिक नाव

पोळा होऊन आठ दिवस झाले होते.
पंचायतीनं मला जैवविविधतेची नोंदवही दिली होती,
एकशे बारा पानं, पानामागे चार रुपये,
ते अजून यायचे आहेत.
चिचटोल्याच्या मामा तलावात काय काय जगतं
ते सायत्राबाई मारबतेनं सांगायचं, मी लिहायचं.

चिऊल, म्हणाली ती. चिला. पांढरा गाद, पाण्या गाद.
देवधान. हे कोणी पेरत नाही, उपासाला चालतं.
मग मासे: दाडक, बोटरी, वाडीस,
आणि मरळ, जी आपल्या पिल्लांच्या खालून खालून पोहते
राखण करत.
सांगता सांगता ती छातीभर पाण्यात उतरली
कमरेला चिऊलच्या जुड्या बांधून,
कारण रोवणी लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही.

तांबडं फुटायचं होतं.
पलीकडच्या पारीवर तीन ओली लुगडी वाळत घातलेली दिसली.
दोरी नव्हती.
बेडकं गप्प झाली नाहीत.
माणूस आला की होतात, गुरं आली तरी होतात.
माझ्या वहीचं कोरं पान ओलं झालं
आणि ओलीत अक्षरं उमटली, मराठी, जुन्या वळणाची,
मालगुजाराचे कागद वाचून कुणी भाषा शिकावी तशी.

आम्ही पाणी राखतो, असं लिहिलं होतं.
अठरा सूर्यांखाली
दोनशे चाळीस पाणथळ जागा आमच्याकडे आहेत.
एकीत नऊ हजार वर्षं कुणी हात घातलेला नाही.
तिथे सर्व काही आहे.
फक्त तिथे कशालाच कुणी हाक मारत नाही.
मग खाली, रकाना आखून:
या तलावातून कोणती जात काढावी?

मी ते मोठ्यानं वाचलं. आवाज फाटला माझा.
उत्तर मला ठाऊक होतं, त्यांनाही असावं.
पाण्याजवळ दोन पायांचे आम्ही दोघंच होतो,
बगळे सोडले तर.

सायत्राबाईनं मानही वर केली नाही.
"बेशरम काढा पयले," ती म्हणाली.
"थे पाहा, अख्खी पार खाल्ली तिनं.
अन् आमाले काढसान
त बेशरम कोन काढल? तुमी?"

पान कितीतरी वेळ कोरंच राहिलं.

मग ती लुगडी पारीवरून खाली आली,
नाल ठोकायला आणलेल्या गोऱ्ह्यासारखी काठाशी अडली,
आणि उतरली.
सायत्राबाईनं त्यांना एक जुडी दिली.
कशात दिली ते सांगता येणार नाही, हात नव्हते.
"मूळ गाळात. अंगठ्यानं दाबाचं."
अंगठाही नव्हता.
पण गाळ लागला तेव्हा ते थरथरले, हे मी पाहिलं.
तलावभर बारीक वलयं उठली
आणि खंड्या दचकून उडाला.

उजाडेपर्यंत अर्धा वाफा झाला. वाकडा.
तिनं दोन ओळी उपटून पुन्हा लावल्या,
"शिकतीन," म्हणाली.
ऊन आलं तेव्हा पारीवर बेशरमीचा ढीग होता, मुळासकट,
आम्ही दोघांनी न काढलेला.

खोटी नोंद करू नये, असं वहीच्या पहिल्याच पानावर छापलंय.
म्हणून मी लिहिलं: प्रकार, स्थलांतरित. येण्याचा महिना, भादवा.
अन्न, ठाऊक नाही. ठसे, नाहीत. उपयोग, रोवणीला.
तालुक्यानं वही परत पाठवली, लाल शाईत:
स्थानिक नाव लिहिलेलं नाही.

मी पुन्हा पारीवर गेलो. ती फाटकं जाळं सांधत होती.
तोंडात धागा होता, म्हणून उत्तर उशिरा आलं.
"जागले लिवा.
दिवसा आमी. रातचं कोनी पायजे ना."

वही गेली. अजून काही कळवलेलं नाही, पैशांचंही नाही.
वाकड्या ओळींत मरळीनं पिल्लं काढलीत.