मागची सीट

एप्रिल संपत आला तरी डुलुथच्या धक्क्याशी
बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत असतात.
दुकानात मात्र हीटर, नव्या रबराचा वास,
आणि शेजारीशेजारी दोघी उभ्या.
इंजिन एकच, अठराशे सीसी.
सख्ख्या बहिणी म्हणे.

थोरली संसार घेऊन निघालेली :
समोर काच, दोन्ही अंगांना पेट्या, मागे ट्रंक,
मुठी गरम करायची सोय, उलट जायला वेगळा गिअर,
मागच्या सीटला पाठ, हातांना टेकू.
धाकटीनं सगळं उतरवून ठेवलेलं.
पाय पुढे पसरलेले,
टाकीचा काळा इतका खोल
की छतावरचे दिवे त्यात बुडालेत.
मागे बसणाऱ्यासाठी तळहाताएवढा फोम.

आर्ने कागद काढतो. त्यानं तक्ता केलाय.
लोखंडाच्या खाणीत एकतीस वर्षं
डंपरच्या खेपा मोजलेला माणूस तो.
वजनं लिहितो : आठशे साठ पौंड, सहाशे ऐंशी.
एका टाकीत किती मैल.
वारा काचेवर, की छातीवर.
दुकानातला पोरगा, डेव्हिन, विचारतो,
"लांब जायचंय, की मिरवायचंय?"

मी काहीच बोलत नाही.
तक्त्यात माझा रकाना नाही.

चौतीस वर्षं मागे बसले.
सिल्व्हर बे, थंडर बे, एकदा पार मॉन्टाना,
दोघांच्या मध्ये वेलदोड्याच्या पावाची पिशवी.
मला पाठ आहे त्याचं जाकीट :
डाव्या खांद्याची उसवलेली शिवण,
वर मानेवरचा तीळ, त्यानं स्वतः कधीच न पाहिलेला.
सरोवर मी जाताना उजव्या डोळ्यानं पाहिलं,
येताना डाव्या.

थोरलीच्या मागे बसून बघितलं. आरामखुर्चीच.
टेकूवर हात ठेवले आणि लक्षात आलं,
इथं त्याला धरायची गरज नाही.
हेल्मेटमधल्या माइकवरून बोलायचं,
शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं.
धाकटीवर उलटं.
धरलं नाही तर पहिल्याच सिग्नलला मी रस्त्यावर.
गुडघा बदलून वर्ष झालंय.
एकही पटेना.

मग काय झालं कोण जाणे,
मी धाकटीवर पुढे बसले.
सीट बुटकी. दोन्ही तळवे जमिनीवर,
सपाट, टाचांसकट.
समोर काहीच नव्हतं.
जाकीट नव्हतं, तीळ नव्हता.
दुकानाचं दार, दारापलीकडे उतार,
उताराखाली पाणी,
आणि ते मधोमध.

"मार्लिस, उतर. सहाशे ऐंशी पौंड आहे ती."
"वाचलंय मी," म्हटलं. "तक्ता तूच दाखवलास."

तो गप्प.
मग थोरलीच्या मागच्या सीटवर चढला, आयुष्यात पहिल्यांदा.
पोरगा उत्साहानं पुढे बसला, बटणं दाखवायला.
आर्नेनं हात टेकूवर ठेवले, उचलले,
कुठे ठेवावेत कळेना.
शेवटी मांडीवर घेतले, पाहुण्यासारखे.
"इथून तर," तो हळूच म्हणाला,
"नुसती पाठच दिसते."

डेव्हिन वळून विचारतोय, कुठली लिहू?
मी अजून स्टँड काढलेला नाही.
फक्त टाचेनं चाचपून बघतेय,
तो नक्की कुठे आहे.