इतिवृत्त

ब्राउनश्वाइग. नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार.
जर्मन-आर्मेनियन मैत्री मंडळाची सभा,
चर्चमागच्या खोलीत. हजर अकरा, रजा कळवलेले दोन.
हीटर खडखडतो, ऊब देत नाही.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.

वर्गणीवर पाऊण तास गेला.
खजिनदार ओटफ्रीड म्हणाले, तीन युरो तरी वाढवा.
वार्दगेस म्हणाला, मैत्रीचीही महागाई झाली का?
त्याची आई, सातेनिकबाई, खिडकीशी बसून
मंडळाच्या पेपरवेटने जर्दाळूच्या बिया फोडत होती.
ठरावातलं तिला काही कळत नाही.
मतदान आलं की ती दोन्ही हात वर करते.
आम्ही एकच मोजतो.

मेळाव्यात कॉफीला कुठल्या देशाची म्हणायचं, यावर वाद.
निर्णय: नुसती कॉफी.

आयत्या वेळचे विषय.

हार्टविग ओलेनडॉर्फ उठला.
चार वर्षांत तो सभेत एकदाही बोललेला नाही.
सभा संपली की खुर्च्या मिटतो, रचतो, जातो.
आमच्या वर्गात आर्मेनियन अक्षरं शिकला, अडतीसच्या अडतीस,
न्वार्द फळ्यावर काढायची, तो वहीत गिरवायचा.
त्याने पावाच्या कागदातून एक रोजनिशी काढली.
आजोबांची. तिकडे रेल्वेचे पूल बांधायचे ते.
म्हणाला, मला वाचता येत नाही.

कुणालाच येईना. जुनी जर्मन लिपी,
मोडून वळवलेली, एकमेकांत अडकलेली अक्षरं.
आम्ही नऊ जर्मन ती हातोहात फिरवत राहिलो,
शेवटी ती न्वार्दकडे गेली.
वकिलातीच्या जुन्या फायली वाचायच्या म्हणून
तिने दोन हिवाळे घालवून ही लिपी शिकली होती.

तिने वाचलं. आमचंच आम्हाला.

नऊ तारीख. चौथा खांब. सिमेंट कमी.
दहा तारीख. रुळांच्या कडेने माणसं.
बायका-मुलं जास्त. दुपारपर्यंत मोजली.
अकरा तारीख. सिमेंट आलं.

पेपरवेट थांबला.
सातेनिकबाईंनी काहीतरी विचारलं.
वार्दगेसने हलक्या आवाजात तिला सांगितलं, जेमतेम एक वाक्य.
तिने पुन्हा विचारलं.
ती म्हणतेय, किती मोजली?

न्वार्दने पान उलटलं. परत मागे आली.
आकडा नाही, म्हणाली.

यापुढचं कसं लिहायचं मला कळेना.
ओटफ्रीडनी सवयीने तोंड उघडलं,
सूचक कोण, अनुमोदक कोण,
आणि तसंच मिटलं.
वार्दगेस माझ्याकडे न बघता म्हणाला,
लिहा. सिमेंटसुद्धा लिहा.

नऊला चर्चचा माणूस किल्ल्या वाजवत आला.
हार्टविगने खुर्च्या मिटायला घेतल्या,
एकेक, भिंतीपर्यंत.
सातेनिकबाई आपल्या खुर्चीवरून उठली नाही.
तो तिच्यासमोर उभा राहिला, हात रिकामे,
मग मागे जाऊन
मिटलेल्यातली एक काढून उघडली
आणि बसला.

सभा संपल्याची वेळ
लिहायची राहून गेली आहे.