उजव्या भुवईवर बाण

पहाटे चारला बिनदुधाचा चहा,
त्यानंतर पाण्याचा घोटही नाही.
प्रतीकनं गाडी पुलावरून मुहर्रकला आणली.
माझ्यापायी त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार कापणार,
पण सोबतीला कुणीतरी हवं, असं कागदावर छापलेलं.
कागदानं नातंही विचारलं होतं.
काय लिहू? म्हणाला.
लिही, गाववाला.
तसा रकाना नव्हता. 'इतर'वर खूण केली.

सिस्टर लिजीनं काळ्या मार्करनं
उजव्या भुवईवर बाण काढला, टोक डोळ्याकडं.
चुकायला नको म्हणून.
चुकायला नको म्हणून मीही खुणा करत आलोय,
कुणाची लगड, कुणाची चिमूट, कुणाचा टंच किती.
मनामात सव्वीस वर्षं हा डोळा मुशीच्या तोंडाशी.
सोनं वितळताना मान वळवता येत नाही.
पातळ झालं की एक क्षण आरशासारखं थांबतं,
तो क्षण ओळखणाऱ्याचं पोट चालतं.
आता त्या आरशावर
कुणीतरी उसासा टाकून गेलंय.

अंगठी निघेना.
साबण लावला, दोरा गुंडाळून बघितला.
मणानं सोनं गाळलं या हातांनी,
अंगावर एवढंच, तीन ग्रॅम, तेही लग्नातलं.
शेवटी लिजीनं वरून पांढरी चिकटपट्टी मारली,
जणू दागिन्यालाच जखम झाली.

दर दहा मिनिटांनी थेंब.
पहिला झोंबला. दुसरा कमी.
तिसरा कुणाच्या डोळ्यात घातला, मला कळलं नाही.
भिंतीवरचं घड्याळ भाकरीएवढं झालं,
मग नुसतं उजेडाचं पीठ.
विट्याहून फोन आला. पडद्यावर शालन नव्हती,
शालनच्या रंगाचा एक डाग होता.
"भूल देणार ना पूर्ण?"
नाही, डोळ्यापुरतीच. शिरेतनं थोडी गुंगी.
"म्हणजे डोळा लागणार नाही?"
लागला तर लागू दे म्हणतात,
घोरायचं मात्र नाही, दचकायचं नाही.
ती हसली का, दिसलं नाही.

शेजारच्या खुर्चीत बू मुबारक,
त्याचा बाण डाव्या भुवईवर.
थोडी हिंदी, थोडी अरबी, बाकीचं हातांनी.
तुमच्यात याला काय म्हणतात, त्यानं विचारलं.
मोती, म्हटलं. मोत्याचा थेंब.
तो इतका हसला की लिजी धावत आली.
आमच्यात म्हणतात पांढरं पाणी. नुसतं पाणी!
माझा आजोबा चाळीस उन्हाळे
याच समुद्रात बुड्या मारायचा,
नाकाला चिमटा, पायाला दगड.
मोती बघता बघता डोळे गेले त्याचे,
आणि तुझ्या डोळ्यात फुकटचा!

मग गप्प झाला.
हवेतच एक दोर ओढून दाखवला.
श्वास संपत आला की खालून एक झटका.
वर एकजण बसलेला, त्याचं काम एवढंच,
दोर हातात, जीव दोरात, इकडं तिकडं बघायचं नाही.
कोण असायचा तो?
मेहुणा, म्हणाला. आमच्या घरात तरी मेहुणाच.
बहीण विधवा व्हायला नको म्हणून
झोप येत नाही त्याला.

त्याला आधी नेलं. चपला उलट्या घालून गेला.

मग मी.
आत थंडी. तोंडावर हिरवं कापड,
एका डोळ्यापुरतं भोक.
डॉक्टरीणबाई काही बोलल्या,
लिजीनं ते केरळी वळणाच्या हिंदीत मला दिलं:
हलायचं नाही. बोलायचं नाही.
खोकला आला, काहीही झालं, तर माझा हात दाबायचा.
मान नाही. हात.
तिचा हातमोजा माझ्या चिकटपट्टीवर येऊन बसला.

दिवा आला.
मुशीपेक्षा गार, पण तसाच,
मान न वळवता बघायचा.
डोक्याच्या मागं कुठंतरी यंत्र बारीक किणकिणू लागलं.

मी हात दाबला.

सगळं थांबलं. किणकिणही.
काय झालं? दुखतंय? खोकला?
नाही, म्हटलं, काही नाही.
वर कुणी आहे का, बघितलं.