रात्रपाळीचं शेवाळ

साडेनऊला वरच्या टाकीतली निळाई मालवते
आणि खालच्या कपाटाच्या फटीतून
गुलाबी उजेड फरशीवर उतरतो.
टायमर मीच लावलाय.
मी चपला घालते, तेव्हा त्याचीही पाळी सुरू होते.

खाली मासे नाहीत.
नुसता एक हिरवा गुंता,
भांडी घासायच्या तारेसारखा,
नंदलालपुऱ्यातल्या इक्बालभाईने
दह्याच्या डब्यात घालून दिलेला, मूठभर.
"मॅडम, इसको कुछ मत करो.
रोशनी दो, और घूमने दो."
चीटो म्हणतात त्याला.
पूर्ण नाव वहीत बघितल्याशिवाय मला अजून येत नाही.

बावीस वर्षं मी डायलिसिसच्या वॉर्डात आहे.
लोकांना वाटतं, हिला हे चटकन कळलं असेल.
कुठलं!
पहिलं वर्षभर मीही यंत्रच झाले होते :
पाणी बदल, स्पंज पिळ,
स्किमरच्या पेल्यातला काळा चहा मोरीत ओत,
नळी हलव, कार्डाला लाव.
लाल. पुन्हा लाल.
शेजारच्या दिघेकाकू म्हणाल्या,
"इंदुरात समुद्र कशाला गं? थंडी पडलीय,
सराफ्यात जा, गराडू खा."

पाणी मात्र समुद्राकडेच निघालं होतं.
भडोचला चालली होती बाई.
जलूदला तिला पाइपात घातली,
विंध्य चढवला,
आणि माझ्या नळाला आणली, दिवसाआड पाऊण तास.
मी तिला आरओतून काढते,
तिचं जे जे तिचं होतं ते सगळं काढून घेते,
मग मीठ मोजते, लिटरला अडतीस ग्रॅम.
लोकमान्य नगरात, तिसऱ्या मजल्यावर,
तिचा समुद्र तिला मिळतो.
पुढे गेली असती तर मोठा मिळाला असता,
हे मी तिला सांगत नाही.

पहाटे येते तेव्हा कपाट उघडून बसते, चहाआधी.
काचेवर पांढरे ठिपके पळतात, कोपेपॉड.
वर त्यांना कोणी जगू देत नाही.
इथे ते जन्मतात, लपतात, खातात,
आणि एखादा पंपात सापडून वर जातो,
मँडरिनच्या तोंडात.
आसरा म्हणजे बहुधा एवढाच असतो.

आणि नायट्रेट? तो जातो कुठे?
कुठेच जात नाही. हिरवा होतो.
मग त्याला हातात धरता येतं, पिळता येतं,
कात्रीने अर्धा कापून काट्यावर ठेवता येतं :
एकशे ऐंशी ग्रॅम.
कार्ड आता फिक्कट गुलाबी, कधीकधी पिवळंच.

कापलेलं आधी मी कचरागाडीत टाकायचे.
गाडीवाला मुलगा डब्यात डोकावून विचारायचा,
"दीदी, ये गीले में ना?"
त्याहून गीलं काय असणार, बाबा.

मग चार नंबरच्या बेडवरच्या बोधनकर मास्तरांनी ऐकलं.
"म्हणजे घाण खातं, आणि वाढतं?"
"हो."
"आम्हाला नाही का बसवता येत असलं काही?"
मी हसले, सुई नीट केली.
ते नळीतल्या स्वतःच्या लाल धारेकडे बघत राहिले,
आणि जरा वेळाने, "टाकू नका. मला आणा.
गच्चीवर टबात वालपापडी आहे."

तीन पाण्यांत धुऊन मीठ काढायचं,
वर्तमानपत्रात गुंडाळायचं, मंगळवारी न्यायचं.
चार महिने नेलं.

काल त्यांनी उशाखालून पिशवी काढली.
पाव किलो तरी असेल, कोवळी, जांभळ्या कडांची.
"तुम्हीच खा," म्हणाले,
"मला पोटॅशियम चालत नाही."

सकाळी आठला ओवा घालून भाजी केली.
वर निळा दिवा लागला, खालचा विझला.
क्लाऊनफिश काचेशी येऊन
माझ्या ताटाकडे बघत होता.
मीठ जरा जास्त झालं होतं.