भरतीची मोजणी

शनिवारची पहिली बोट.
हिदे वर येत नाही, खाली बसून राहतो
कानांत बोंडं घालून. चौदाचा आहे, चालायचंच.
नीन्के मात्र कठड्याला नाक लावून
प्रत्येक कुरवाला विचारते, तू कुणाचा?
समुद्र इथे कमरेएवढा. ओहोटीला तोही नाही,
नुसता चिखल क्षितिजापर्यंत,
आणि त्यात एक ओढा, वाट चुकल्यासारखा चमकणारा.

धक्क्यावर बाबा, सायकल धरून.
मिठी नाही. आमच्या फ्रीजियन घरात मिठ्या मारत नाहीत.
"भरती दोन चाळीसला," म्हणाले,
म्हणजे: बरं झालं आलात.

जेवण घाईतलं. मोहरीचं सूप, काळा पाव,
आईच्या खुर्चीवर दुर्बिणीची पेटी.
ती कुणी हलवली नाही.
योरित खिडकीशी उभ्यानेच जेवला.

मग बांधाच्या उतारावर, गवतात, आम्ही सगळे पालथे.
वारा असा की डोळ्यांचं पाणी कानात जातं.
पाणी वर सरकेल तसे पक्षी सरकतात.
आधी कालवफोडे, लाल चोचींचे,
मानपान राहून गेलेल्या व्याह्यांसारखे
एकाच दिशेला तोंड करून तणतणणारे.
मग तुतवार, शिवणयंत्रासारखे टोचत.
मग पाणटिवळे, सायबेरियातून परवा-तेरवा उतरलेले,
हाडांवर फक्त पिसं उरलेली.

हात लांब कर, बाबा हिदेला सांगतात, अंगठा उभा.
अंगठ्याआड झाकतील ते शंभर.
आता अंगठे मोज.
हिदेचा अंगठा बाबांच्यापेक्षा जाड झालाय,
त्याचे शंभर बाबांच्या शंभरात बसत नाहीत.
वाद, तोही कुजबुजत, पोटावर पडून.
नीन्केची मोजणी वेगळी चाललेली:
हा एक. हा पण एक. हा पण.
तोंडात ज्येष्ठमधाची वडी, काळी लाळ हनुवटीवर.

रात्री भांडी पुसताना हिदे म्हणाला,
आजोबांना कालवफोड्यांची शीळ ऐकू येत नाही.
कशावरून?
ते आधी चोच बघतात, मग मान हलवतात.
कोरल ऐकू येतो, तो खालच्या पट्टीतला. वरचं सगळं गेलंय.
मी ताटली पुसतच राहिले, कोरडी झाली तरी.
महिन्यातून दोनदा फोन करते मी. मोठ्याने, आनंदी आवाजात.
वरच्या पट्टीत.

रविवारी हिदे बाबांच्या डाव्या हाताला पडला.
बोंडं खिशात.
शीळ आली की कोपराला एक टिचकी.
बाबांनी पहिल्यांदा रागाने पाहिलं.
दुसऱ्यांदा पाहिलंच नाही.
तिसऱ्या टिचकीला वहीत आकडा पडला.

आणि तेवढ्यात बहिरी ससाणा, वाळूच्या टेकाडामागून, खाली, सरळ.
सगळा कलकलाट मध्येच तुटला.
श्वासभर आम्ही सगळेच बाबांच्या कानांनी ऐकत होतो.
मग तीन हजार की पाच हजार, एकदम,
चादर झटकावी तसे उठले,
काळे, वळले की पांढरे, पुन्हा काळे.
झाली सगळी मोजणी पाण्यात.
बाबा हसले. किती वर्षांनी, मोजलं नाही.
"पहिल्यापासून," म्हणाले, आणि पान उलटलं.

संध्याकाळच्या बोटीवर नीन्के माझ्या मांडीवर झोपली,
बुटांत अर्धा किलो बेट घेऊन.
योरितने विचारलं, शेवटी किती झाले?
हिदे म्हणाला, आजोबांचे चार हजार दोनशे, माझे तीन हजार.
वहीत?
दोन्ही लिहिलेत. खाली लिहिलंय, वारा जोराचा.

मंगळवारी फोन वाजला. बाबांचा. स्वतःहून.
दुर्बिणीचं झाकण साखरेच्या डब्यात सापडलं म्हणे,
कुणी ठेवलं, हे मला विचारताहेत.
मी आवाज खाली आणला, जितका आणता येईल तितका,
आणि म्हटलं, बाबा,
पुढची मोठी भरती कधी आहे?