दशा

कोपरखैरण्याला, सेक्टर पाचात, जिन्याखालच्या गाळ्यात
बायडाक्का साड्यांना फॉल-पिको करायची.
नवरा तुर्भ्याच्या बाजारात कांद्याची पोती वाहायचा
आणि ही काठ राखायची.
म्हणायची, "मधल्या कापडाला काय धाड भरत नाय.
साडी मरती ती टोकाकडनं.
आधी दशा सुटत्यात, मग तिची दशा हुती."

मी तेव्हा महाप्याच्या लॅबमध्ये नुकती लागले होते,
नव्या शिक्षणाची खुमखुमी होती.
तिच्या स्टुलावर बसून सांगितलं:
पेशीच्या पोटात शेहेचाळीस धागे असतात, गुंडाळलेले.
त्यांच्याही टोकांना दशा.
टी टी ए जी जी जी,
परत टी टी ए जी जी जी, हजारदा तेच.
वाचायला गेलं तर अर्थ शून्य.
अर्थ सगळा आत, ह्या नुसत्या राखणीला.
एका पेशीच्या दोन होताना
नक्कल उतरवणारा हात अगदी कडेपर्यंत पोचत नाही.
थोडं टोक राहून जातं. दर खेपेला थोडं.
चाळीस-पन्नास खेपा झाल्या की पेशी थांबते.
लगेच मरत नाही,
बसून राहते,
पाठ गेलेल्या हमालासारखी, ओट्यावर.

तिनं मशीनचं चाक हातानं धरलं.
"आन आत पिको करणारं कुणीच न्हाई?"

आहे ना.
टेलोमरेज.
नमुन्याचा कागद स्वतःच्याच पोटात घेऊन फिरतं,
टोक धरायचं, सहा टाके,
सरकायचं, पुन्हा सहा.
आपण आईच्या पोटात असताना त्याचं दुकान रात्रंदिवस चालू.
मग बहुतेक गल्ल्यांतून शटर खाली.

"बंद का करायचं चालतं दुकान?"

मला उत्तर पाठ होतं.
तिच्या बोटातली सुई बघून सांगता आलं नाही.

दोन वर्षांनी खारघरच्या दवाखान्यात
डॉक्टर म्हणाले, गाठ आहे.
बायडाक्काला आधी त्यात वावगं काही वाटलंच नाही.
जन्मभर तिनं गाठीच मारल्या होत्या
धागा सुटू नये म्हणून.
मी फाईल धरून शेजारी बसले होते.
आत कुणीतरी शटर उचकटलं होतं,
आणि ते कामसू बिचारं
टोकं शिवत बसलं होतं,
सहा टाके, सरक, सहा टाके,
कुणाची शिवतोय हे न विचारता.
ज्यांनी थांबायचं होतं
त्यांना ते थांबूच देत नव्हतं.

ती श्रावणात गेली. बाकीचं सगळं अंग
साठ वर्षांचं होतं, साठ वर्षांसारखंच थकलेलं.

आता माझ्याकडे गुलाबी पाण्यात काही पेशी आहेत.
तिच्याच असतील असं नाही.
नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
सदतीस अंशांच्या उबेत त्या रविवारीही वाढतात,
मी सुटीवर गेले तरी.
जेलवर त्यांच्या टेलोमरेजची शिडी उमटते,
सहा-सहाच्या पायऱ्या,
मी खालून मोजत जाते
आणि वर कुठेतरी पायऱ्या नुसता धूर होतात.

माझी एक मोतिया साडी तिच्याकडेच राहिली होती.
मुलानं पिशवीतून आणून दिली.
फॉल अर्धा लागलेला, सुई तशीच टोचलेली,
पदराचं टोक मोकळं.
त्या गाळ्यात आता झेरॉक्सवाला बसतो.
समोरचा पोरगा म्हणाला, ताई, द्या, वीस मिनिटांत करतो.
दिली नाही.
सुई तेवढी काढून डबीत ठेवली.
नेसते अशीच.
कंपनीच्या बसची पायरी चढताना
एखादी दशा खिळ्याला अडकते, ओढली जाते.
मागची मुलगी सांगते, मॅडम, तुमचा धागा.
मी म्हणते, हो,
माहीत आहे.