काटा शून्यावर आणताना

सकाळी सातला मी आधी काटा शून्यावर आणते.
रात्रीतून तो जरासा सरकलेला असतो.
खाऱ्या हवेचा दोष, म्हणतो दुरुस्तीवाला,
रेसिफेत लोखंड फार दिवस खरं बोलत नाही.

मग त्या येतात.
चपला काढतात, झुमके काढतात.
परवा एकीनं नकली पापण्यासुद्धा उतरवून
माझ्या तळहातावर ठेवल्या, दोन काळे सुरवंट,
आणि श्वास सोडून उभी राहिली.

मी सर्जन नाही. आकडा लिहिणारी आहे.
आरशापुढे बाई रूप मागते
आणि काट्यापुढे माफी,
एवढं मला वीस वर्षांत कळलंय.

जुरेमा आली ती कार्निव्हल उतरल्यावर,
बोटांना अजून सोनेरी चमकी चिकटलेली.
नाचणाऱ्यांचे कपडे शिवते ती,
अख्ख्या मोहल्ल्याच्या कमरा तिला तोंडपाठ.
एकशे अडतीसवरून अठ्ठ्याण्णववर आलेली, एकटीनं,
उकडलेल्या भाज्या आणि हट्ट यांच्या जोरावर.
"माणसं गेली, तंबू राहिला," म्हणाली,
आणि पोटावरची सैल कातडी चिमटीत धरून दाखवलं,
"इथं चार बोटं दुमडायची, इथून कापायचं, शिवायचं.
मला द्या, मीच करते."

डॉक्टर तव्हारेस घड्याळ बघत राहिले.
भूल देणाऱ्या इवोनेची मात्र स्टूल ओढून बसल्या.
उताणं निजवलं की पोटाचा भार वर चढतो,
फुप्फुसं दबतात, त्यांना उघडायला जागा लागते.
निपचित पायांत रक्त साकळतं,
एखादी गुठळी सुटून छातीत आली तर
आपल्याला हाक मारायलाही वेळ मिळत नाही.
आणि जाड थरात रक्त कमी फिरतं, जखम भरत नाही,
शिवण उसवते.

बाकी सगळं तिनं ऐकून घेतलं.
शिवण उसवते, हे तिला कळलं.
ताणलेल्या कापडावर टाका धरत नाही,
हे तीच पोरींना शिकवते ना.

"अजून अकरा किलो," इवोनेची म्हणाल्या,
"आणि मग सहा महिने तिथंच थांबायचं."
"बाजारामागे एक जण आहे," जुरेमा म्हणाली,
"उद्याच करतो म्हणतो. त्याच्याकडे काटाच नाही."

मी काही बोलले नाही.
माझ्या खणात एक पाकीट आहे,
त्यात लिंदाल्व्हाचे झुमके.
तेव्हा आमच्याकडे काटा होता,
फक्त त्याच्याकडे कुणी बघत नसे.
न्यायला तिचा मुलगा येईल असं म्हणाले होते.
मी पाकीट काढलं, जुरेमाच्या हातावर ठेवलं,
आणि परत घेतलं.
तिनं विचारलं नाही.

त्याच दुपारी एक काटकुळी पोर आली,
विजारीच्या खिशांत नाण्यांच्या पुरचुंड्या.
पोटाची चरबी काढून नितंबांत भरून हवी होती तिला,
आणि काढायला तर काहीच नव्हतं.
पासंग लावून आली होती बिचारी!
मी खिसे रिकामे करायला लावले.
टेबलावर नाणी वाजली,
रांगेतल्या बायका हसल्या, मग एकदम गप्प झाल्या.

जुरेमा सप्टेंबरात आली. नव्वद.
तीन अजून उरलेले.
मला वाटलं आता भांडेल.
ती काट्यावरून उतरली, म्हणाली,
"बस मिळेना म्हणून पूल चालत आले,
आणि पायऱ्या चढले तरी धाप लागली नाही."
जणू ही तक्रारच होती.

मग माझ्या अंगरख्याकडे बघत,
"खांद्यात तंग शिवलाय कुणी तरी.
तू कधी उभी राहिलीस यावर?"

नाही. वीस वर्षांत एकदाही नाही.
मी चपला काढल्या. झुमके राहू दिले.
तिनं वाकून आकडा वाचला,
लिहिला नाही.
खिशातून टेप काढून
माझे खांदे मोजायला लागली.